आई, तू उठू नकोस

पंचाहत्तरीच्या पुढचं माणूस असलेल्या पुण्यातल्या कुठल्याही घरात दिवसातून पाच-पंचवीस वेळा एक वाक्य ऐकू येतं. "तुम्ही उठू नका हं, मी आणून देते." कधी पाण्याचा तांब्या हवा असतो, कधी पेपर, कधी दाराची बेल वाजलेली असते. म्हणणाऱ्याच्या मनात निव्वळ माया असते. पण आईच्या आजारपणानंतर म्हाताऱ्या माणसांच्या शुश्रूषेवरचं आणि सुरक्षिततेवरचं जे जे संशोधन हाताला लागलं ते मी वाचत गेले, आणि आता माझं मत पक्कं झालं आहे. म्हाताऱ्या माणसाला घरात जे धोके असतात, त्यातला सगळ्यात मोठा या वाक्यात आहे.

हे टोकाचं वाटेल, पण २००७ साली अमेरिकेत झालेला एक छोटा प्रयोग बघा. साठी ओलांडलेल्या, धडधाकट, कसलाही आजार नसलेल्या काही जणांना दहा दिवस पलंगावर पडून राहायला सांगितलं. खाणंपिणं व्यवस्थित, औषधं नाहीत, दुखणं नाही. दहा दिवसांनी मोजलं तर प्रत्येकाच्या पायांचं सरासरी जवळजवळ एक किलो मांस झडलं होतं आणि मांडीतली ताकद पंधरा टक्क्यांच्या आसपास घटली होती. हे निरोगी लोकांचं. ज्या आजींना आधीच खुर्चीतून उठताना हातांचा टेकू लागतो, त्यांना "विश्रांती घ्या" म्हणून आठवडाभर झोपवून ठेवलं, तर त्या आठवड्यानंतर उठणार कशाच्या जोरावर?

डॉक्टरांना हे कळायलाही वेळ लागला. १९३५ साली लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात मार्जरी वॉरन नावाच्या डॉक्टरांकडे जुन्या निराधारगृहाचा (वर्कहाउसचा) आजारी वॉर्ड सोपवण्यात आला. सातशेहून अधिक रुग्ण, बहुतेक म्हातारे, वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेले. त्यांना कुणी नीट तपासलंच नव्हतं. वॉरनबाईंनी एकेकाला तपासलं, उजेड वाढवला, कठडे बसवले, लोकांना उठवलं, चालवलं. आणि कितीतरी माणसं चक्क घरी गेली. वृद्धवैद्यक या शाखेची सुरुवात तिथून मानतात. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ती माणसं अंथरुणात होती याचं कारण त्यांचा आजार नव्हता. त्यांना तिथे ठेवणं सोयीचं होतं, म्हणून ती तिथे होती.

आई लग्न होऊन सदाशिव पेठेतल्या वाड्यात आली. त्या वाड्याचा जिना उभा, अंधारा, मधे झिजून खोलगट झालेल्या लाकडी पायऱ्यांचा. वरून एक जाड दोर सोडलेला असायचा, त्याला धरून चढायचं. खालच्या नळावरून भरलेली कळशी कमरेवर घेऊन ती तो जिना उभ्या आयुष्यात किती वेळा चढली असेल! तिथे ती कधी पडली नाही. पडली ती कोथरूडच्या लिफ्टवाल्या, आरशासारख्या फरशीच्या फ्लॅटमध्ये, रात्री पलंगापासून बाथरूमपर्यंत जाताना, पायपुसण्यात अंगठा अडकून. खुब्याचं हाड मोडलं.

पडणं ही किरकोळ गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडण्याने मरतात, आणि त्यात साठीपुढची सर्वाधिक. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरच्या अपघातांनंतर हेच येतं. अमेरिकेतल्या मेरी टिनेटी यांनी १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पंचाहत्तरीपुढच्या, आपापल्या घरी राहणाऱ्या माणसांवर वर्षभर लक्ष ठेवलं. त्यातली साधारण एक तृतीयांश त्या वर्षात पडली. मग त्यांनी भीतीही मोजायला घेतली. एकदा पडलेलं माणूस पुन्हा पडण्याच्या धास्तीने हिंडणं-फिरणं कमी करतं, त्याने पाय आणखी लुळे पडतात, आणि पुन्हा पडण्याची शक्यता वाढते. ही धास्ती मुलामुलींनाही तितकीच असते, किंबहुना जास्त. "उठू नकोस" हे त्याच धास्तीचं बोलणं.

रुग्णालयात आईला दाखल केलं तेव्हा पहिल्याच तासात तिचा चष्मा, कवळी आणि कानाचं मशीन एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिलं. हरवलं तर जबाबदारी नाही, असं सांगून. ऑपरेशन वेळेत झालं, दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्टने तिला वॉकर धरून उभंही केलं, त्याबद्दल मी आजन्म ऋणी आहे. पण त्या रात्री आई वातात गेली. "विहिरीवर जायचंय, कळशी कुठाय" असं म्हणत सलाइन उपटायला लागली. सकाळी मी गेले तर तिची दोन्ही मनगटं पलंगाच्या कठड्याला बँडेजने बांधलेली होती. रात्रपाळीच्या सिस्टर एकट्या होत्या आणि वॉर्ड भरलेला होता. त्यांच्यावर माझा राग नाही. पण ती मनगटं मी विसरणार नाही.

आपल्याकडे याला "वात झाला" म्हणतात आणि वय झालं की असं व्हायचंच म्हणून सोडून देतात. शेरन इनूये या डॉक्टरांनी असं सोडून दिलं नाही. अमेरिकेत न्यू हेवनच्या रुग्णालयात सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांवर केलेला त्यांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीची शुश्रूषा. उरलेल्यांना त्याशिवाय आणखी काय? चष्मा डोळ्यावर, मशीन कानात. आज वार कुठला, आपण कुठे आहोत, हे दिवसातून अनेकदा सांगणं. पाणी पाजणं. दिवसातून तीनदा चालवणं किंवा हातपाय हलवणं. झोपेची गोळी टाळून रात्री कोमट दूध, पाठ चोळून देणं, वॉर्डात आवाज कमी. नव्या महागड्या औषधाचं नाव नाही त्यात. नेहमीच्या शुश्रूषेत १५ टक्के रुग्णांना वात झाला, या दुसऱ्या गटात ९.९ टक्के. मी हे वाचलं आणि ती प्लॅस्टिकची पिशवी आठवून माझा जीव कळवळला. आईला दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं, तोंडात दात नव्हते, खोली अनोळखी. तिचं मन ओळखीच्या विहिरीवर गेलं यात नवल ते काय! मी पिशवी परत नेली. सिस्टरांना विनंती केली, त्यांनी ऐकली. चष्मा लावल्यावर आईने पहिल्यांदा घड्याळाकडे पाहिलं आणि "पावणेअकरा? चहा झाला का तुझा?" असं विचारलं.

बांधण्याबद्दलही संशोधन आहे, आणि ते परिचारिकांनीच केलेलं आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या लोइस इव्हान्स आणि नेव्हिल स्ट्रम्फ या दोघींनी १९८९ साली हा प्रश्न ऐरणीवर आणला: म्हाताऱ्यांना बांधून ठेवल्याने ते सुरक्षित राहतात, याला पुरावा काय? पुढे नर्सिंग होममधल्या (तिकडे म्हणजे म्हाताऱ्यांना कायम सांभाळणाऱ्या संस्थांमधल्या) कर्मचाऱ्यांना शिकवून, हाताशी सल्लागार परिचारिका देऊन त्यांनी बांधणं कमी करून दाखवलं, आणि त्यामुळे पडून इजा होण्याचं प्रमाण वाढलं नाही. पलंगाच्या उंच कठड्यांचंही तसंच. गोंधळलेलं माणूस कठड्यावरून पाय टाकून उतरायला बघतं आणि मग पलंगाच्या नव्हे, कठड्याच्या उंचीवरून पडतं. पलंग खाली करणं, पायाशी मंद दिवा ठेवणं आणि "लघवीला जायचंय का" हे ठरावीक वेळाने आपणहून विचारणं, याचा उपयोग जास्त. म्हातारी माणसं रात्री उठतात ती बहुधा त्याचसाठी.

घरी आणल्यावर, शुश्रूषेला बायका पुरवणाऱ्या ब्युरोतून एक मावशी कामाला आल्या. सकाळी आठ ते रात्री आठ. आधी एका रुग्णालयात आया म्हणून होत्या, तिथल्या एका जुन्या सिस्टरांच्या हाताखाली शिकलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी आईच्या पायावरचं पांघरूण काढलं, टाच बघितली आणि म्हणाल्या, "ताई, इथं लाल झालंय. उशी पोटरीखाली घाला, टाच लोंबती राहू द्या." मी स्पिरिट आणि पावडर आणून ठेवली होती, पाठीला चोळायला. आपल्याकडे ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. त्यांनी बाटली बाजूला ठेवली. "लाल झालेल्यावर चोळायचं नसतं, आतलं मांस फाटतं." मग चादर आडवी दुमडून आईच्या खाली घातली आणि मला दुसऱ्या बाजूला उभं केलं. "ओढायचं न्हाई. दोघींनी उचलायचं."

यातल्या प्रत्येक गोष्टीमागे कुणीतरी आयुष्य घातलं आहे. डोरीन नॉर्टन ही इंग्रज परिचारिका. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिने आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयातल्या म्हाताऱ्यांना पडून पडून पाठीला जखमा (बेडसोअर) का होतात हे शोधलं. कातडीला काय लावता यापेक्षा दाब किती वेळ राहतो हे महत्त्वाचं, हे त्यातून पुढे आलं. कुणाला धोका जास्त हे आधीच ओळखता यावं म्हणून तिने पाच गोष्टींची मोजपट्टी केली: शरीराची अवस्था, मनाची अवस्था, चालणं, अंथरुणातली हालचाल, आणि लघवी-शौचावर ताबा. वीसपैकी चौदा किंवा कमी आले की सावध व्हायचं. १९८७ साली बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी त्यापुढची मोजपट्टी केली, तीत ओलावा, आहार आणि अंग घासलं जाणं याही गोष्टी आल्या. मावशींची दुमडलेली चादर ही त्या शेवटच्या मुद्द्याचं उत्तर.

आणि संशोधन थांबत नाही, ते स्वतःचंही पुन्हा तपासतं, हे मला त्यातलं सर्वांत आवडतं. "दोन-दोन तासांनी कूस बदला" हा मंत्र नर्सिंगच्या प्रत्येक विद्यार्थिनीला पाठ असतो. त्याच बर्गस्ट्रॉमबाईंनी २०१३ साली अमेरिका आणि कॅनडातल्या २७ नर्सिंग होम्समध्ये ९४२ जणांवर तपासून पाहिलं की चांगल्या दाट फोमची गादी असेल तर दोन, तीन आणि चार तासांत फरक पडतो का. तीन आठवड्यांत तरी पडला नाही. म्हणजे रात्री दोन-दोन तासांनी गजर लावून उठणाऱ्या सुनेला, लेकीला, आणि झोपमोड होणाऱ्या त्या माणसालाही थोडी सवड मिळू शकते, गादी तशी असेल आणि कातडी रोज कुणी डोळे उघडे ठेवून बघत असेल तर. कापसाच्या जुन्या गादीवर मात्र हा हिशोब लावू नये. अभ्यास फोमच्या गादीवरचा आहे.

आता थोडं आपल्या पुण्यातल्या अभिमानाच्या गोष्टीबद्दल, फिरायला जाण्याबद्दल. सारसबाग, तळजाई, वेताळ टेकडी, कमला नेहरू पार्क. पहाटे साडेपाचपासून निवृत्त मंडळींची गर्दी असते. फार चांगली सवय. पण "मी रोज चार किलोमीटर चालतो, मी कसला पडतोय" असं कुणी म्हणालं तर मला काळजी वाटते. २०१९ साली, वैद्यकीय प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेने २५ देशांतल्या १०८ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. व्यायामाने पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी होतं असं दिसलं, पण ते मुख्यतः तोल सांभाळण्याच्या आणि रोजच्या हालचालींच्या व्यायामाने: हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, एका पायावर उभं राहणं, टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालणं. नुसत्या चालण्याने पडणं कमी होतं का, हे त्या आढाव्यातून सिद्ध होत नाही. न्यूझीलंडच्या ओटॅगो इथे याच धर्तीचा घरच्या घरी करायचा कार्यक्रम नव्वदच्या दशकात तयार झाला, आणि त्याची पहिली मोठी चाचणी ऐंशीपुढच्या बायकांवर झाली. ऐंशीपुढच्या! "आता या वयात कसला व्यायाम" याला यापेक्षा थेट उत्तर नाही. मॉडेल कॉलनीतल्या अय्यंगारांच्या योगसंस्थेत भिंतीच्या, खुर्चीच्या, दोरीच्या आधाराने आसनं करायची पद्धत रुजली. हास्यक्लब असो की ज्येष्ठ नागरिक संघाची सकाळ, शेवटची दहा मिनिटं खुर्ची धरून तोलाला दिली तर ती कारणी लागतील.

औषधांचं थोडक्यात सांगते. झोपेच्या गोळ्यांनी पडण्याचा धोका वाढतो, हे वारंवार दिसलं आहे. आणि बीपी फक्त बसवून मोजू नका, आधी झोपवून आणि मग उभं करून तीन मिनिटांच्या आत मोजा, असं आपल्या डॉक्टरांना जरूर म्हणा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल तर चक्कर येऊन पडण्याची ती खूण आहे, आणि गोळ्यांचा पुन्हा विचार करायला हवा. आईचा उतरत होता. एक गोळी सकाळची रात्री गेली, एक बंद झाली.

घरातल्या अडचणी काढण्याबद्दलही २०२३ चा कोक्रेनचा आढावा आहे: सैल गालिचे, अंधारे कोपरे, धरायला दांडी नसलेलं न्हाणीघर, हे जाणत्या माणसाकडून दुरुस्त करून घेतलं तर पडणं साधारण चौथ्या हिश्श्याने कमी होतं, आणि आधी पडलेल्या किंवा धोका जास्त असलेल्यांत ३८ टक्क्यांनी. पायपुसणं काढून टाकायला पैसा लागत नाही. आमच्याकडे आता पलंगापासून बाथरूमपर्यंत भिंतीला कठडा आहे. आई त्याला "जिन्याचा दोर" म्हणते.

एवढं सगळं माहीत आहे जगाला. मग ते पोचत का नाही? माझ्या मते, जिच्या हातात म्हातारं माणूस दिवसाचे बारा तास असतं तिच्याकडे ते नेण्याची कुणालाच गरज वाटत नाही, म्हणून. ब्युरोचा फोन नंबर मिळतो, दर ठरतो, आधार कार्डाची प्रत घेतली जाते. तिला काय येतं हे कुणी विचारत नाही. काही जणी एएनएम (परिचारिकेचं प्राथमिक शिक्षण) झालेल्या असतात, बहुतेक नसतात. आमच्या मावशी शिकल्या कारण एक सिस्टर भल्या होत्या. पुढच्या घरी येणाऱ्या बाईला तसं कुणी भेटलं नसेल. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा २००७ साली आला. पोटगी, न्यायाधिकरण, प्रत्येक जिल्ह्यात वृद्धाश्रम, हे त्यात आहे. घरी येऊन शुश्रूषा करणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि दर्जा ठरवणारी दुरुस्ती २०१९ साली लोकसभेत मांडली गेली, पण ती संमत झाली नाही. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे १० कोटींहून जास्त होते, आणि संख्या वाढतेच आहे. या मावश्यांना शिकवणं, चांगला पगार देणं, आठवड्याची सुट्टी देणं हे म्हाताऱ्या माणसांच्या सुरक्षिततेचं काम आहे. थकलेल्या हातांनी उचललेलं माणूस निसटतं.

आणखी एक गोष्ट मला छळते. मी वर सांगितलेले जवळजवळ सगळे अभ्यास खुर्चीवर बसणाऱ्या, घरात बूट घालणाऱ्या माणसांचे आहेत. घरात अनवाणी किंवा मोज्यांवर वावरणारे म्हातारे जास्त पडतात, असं तिकडच्या अभ्यासांत दिसलं. पण आपली माणसं जन्मभर घरात अनवाणीच चालली. त्यांच्या तळव्यांना फरशी कळते. त्यांनाही हे लागू आहे का? पाटावर बसून पूजा करणारी, मांडी घालून जेवणारी, भारतीय संडासात उकिडवं बसणारी बाई ऐंशीव्या वर्षी जमिनीवरून उठते तेव्हा तिचा तोल जातो, की रोजच्या त्या उठबशीनेच तो टिकतो? साडीच्या निऱ्या पायात येतात त्याचं काय? पुणे जिल्ह्यातच वढू बुद्रुकला केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र आहे. २००७ च्या सुमारास पन्नाशीपुढच्या माणसांच्या प्रकृतीचा आफ्रिका-आशियातल्या आठ ठिकाणी जो अभ्यास झाला त्यातलं ते एक, आणि तिथेही बायकांनी आपली प्रकृती पुरुषांपेक्षा वाईट असल्याचं सांगितलं होतं. म्हणजे घरोघरी जाऊन विचारणं आपल्याकडे जमतं. पुण्यात नर्सिंगची इतकी कॉलेजं आहेत, एमएस्सीच्या मुली दरवर्षी प्रबंध लिहितात. त्यातले कितीतरी "शिकवण्याआधी ज्ञान किती, नंतर किती" एवढंच मोजतात. ज्ञानाचे गुण वाढतात आणि प्रबंध ग्रंथालयात जातो. सहा महिन्यांनी त्या घरात दांडी बसली का, पायपुसणं निघालं का, आजी कमी पडल्या का, हे मोजायला हवं.

कुणी विद्यार्थिनी हे करायला घेणार असेल तर आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठांशी मी बोलून ठेवलं आहे, बरेच जण तयार आहेत. जमिनीवरून माणूस कसं उठवायचं, हेही तिने मावशींकडून बघून घ्यावं. मला अजून कुठल्या पुस्तकात ते तसं सापडलेलं नाही. मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "दाखवीन की. पण माझी ड्यूटी धरून पैसे द्यायचे, ताई. ते पण कामच हाय."